म्हाकूआबांचा शब्द

सिद्धूची मेंढरं पाटापाशी आली तेव्हा सारजा परसात भांडी घाशीत होती. कळप दिसायच्या आधी तिला तो ऐकू आला. कोकणातून माघारी आलेल्या मेंढरांचं ओरडणं वेगळं असतं, घसा बसल्यासारखं. दरसाली मृगाच्या तोंडावर हा आवाज कानावर पडला की आबा बाजेवर उठून बसायचे, डोळ्यांवर हाताची सावली धरायचे आणि म्हणायचे, "आला गं, धाकला आला." यंदा तसं म्हणायला कुणी नव्हतं. राखेनं भरलेले हात तसेच धरून सारजा पाटाकडं बघत राहिली. हे आता आपणच कुणाला तरी सांगायला हवं, असं तिला वाटलं. पण ज्याला सांगून काही वाटेल असं घरात कुणी उरलं नव्हतं. ती पुन्हा खाली बसली आणि भांडी घासायला लागली.

म्हाकूआबा फाल्गुनात गेले होते. निम्म्याहून जास्त जन्म ते मेंढरांमागं चालले आणि उतारवयात पिंपळीला, पाटाच्या पाण्याखाली चार तुकडे जमीन धरून बसले. थोरला गेणू त्या जमिनीत उसाला लागला, पुढं त्याचं स्वतःचं गुऱ्हाळ झालं. धाकट्या सिद्धूनं काठी धरली ती सोडलीच नाही. दिवाळी झाली की तो घाट उतरून जायचा आणि पावसाच्या आधी परत यायचा. मधली सारजा. तिच्या नवऱ्यानं दुसरी बायको आणली तेव्हा आबा स्वतः जाऊन तिला घेऊन आले होते. त्याला आता पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. तेव्हापासून आबांची भाकरी, आबांचं अंथरूण, आबांचं औषधपाणी हाच तिचा संसार होता.

सिद्धू आला तो सरळ बाजेपाशी गेला. घरात गेला नाही. खांद्यावरचं घोंगडं खाली ठेवून त्यानं बाजेच्या सुंभावर हात टेकवला. त्याची बायको सिंधू दोन्ही हात कमरेवर ठेवून मागं उभी होती. तिला दिवस गेले होते आणि आता फार दिवस राहिले नव्हते, हे सारजानं लांबूनच ओळखलं.

"महाडच्या बाजारात कळलं," सिद्धू म्हणाला. "लोणंदचा एक मेंढका भेटला, त्यानं सांगितलं. तवर माती सुकून गेली व्हती."

"निरोप धाडला व्हता रं. पर तुमचा मुक्काम कुठं ते कुणाला ठावं?"

"त्येचं काय न्हाय." त्यानं वर पाहिलं. "आक्का, शेवटाला तूच व्हतीस न्हवं?"

"व्हय."

"वाटंत चौघांनी सांगितलं मला. आबा जाताना म्हणालं, मेंढरं मोडा, समदी एका जागी ऱ्हावा. दादानं तेराव्याच्या जेवणाला पावण्यांत बसून सांगितलं म्हणं. खरं हाय का?"

सारजानं पदरानं हात पुसले. ओसरीवर गेणू येऊन उभा राहिला होता.

"आत्ता आलास, पाय धू," गेणू म्हणाला. "उद्या मामा यायचा हाय. आबांचा टाक आलाय बारामतीच्या सोनाराकडनं. समद्यांच्या म्होरं बोलू."

"बोलू की," सिद्धू म्हणाला. "आबांचा शब्द असंल तर मी मेंढरं इकतो, दादा. एकबी ठेवत न्हाय. पर ते मला आक्काच्या तोंडनं ऐकायचं हाय."

सांजच्याला मुक्ताबाई चुलीपुढं बसून भाकरी थापत होती आणि सारजा तिला पीठ मळून देत होती. गेणूची ही बायको बोलायला कडक, पण खोटी नव्हती. सारजाला तिनं कधी उपाशी निजवलं नाही आणि कधी जवळही घेतलं नाही. तव्यावर भाकरी टाकून ती हळू आवाजात म्हणाली, "वन्सं, उद्या मामा तुमाला इचारतील. निस्तं व्हय म्हणा."

"आबा तसं म्हणालं न्हाईत, वैनी."

"मला ठावं हाय." मुक्ताबाईनं भाकरी उलटली. "म्हणून काय झालं? मागल्या साली सिंधूचं पोरगं घाटात गेलं. ना वैद, ना कुणी बाईमाणूस जवळ. आता परत तिला दिवस गेल्यात. त्या वाटंवर किती पोरं पुरायची तिनं? हितं जमीन हाय, पाणी हाय. भावजी दुसऱ्या कुणाचं ऐकायचं न्हाईत, आबांचं तेवढं ऐकतील."

सारजाला यात चूक काढता आली नाही. सिंधूच्या त्या पोराला घाट उतरायच्या आधी तिनंच न्हाऊमाखू घातलं होतं. त्याच्या पाठीवरची लव अजून तिच्या तळहाताला आठवत होती.

"आन् तुमाला तरी दुसरीकडं कुठं जायाचंय," मुक्ताबाई पुढं म्हणाली. "हितंच ऱ्हायाचं हाय की."

ती हे वाईट मनानं बोलली नव्हती. पण जेवताना, मागं आवरताना, दार लोटताना ते वाक्य सारजाच्या पायात येत राहिलं.

आबा शेवटी काय बोलले, हे सारजानं कुणालाच सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं. गेल्या पावसाळ्यापासून आबांना माणसांची ओळख पटेनाशी झाली. आधी गावातली माणसं गेली, मग नातवंडं, मग गेणू. दिवाळीला सिद्धू पाया पडून निघाला तेव्हा "कुणाचा रं तू?" म्हणाले. सिद्धू हसला; त्याला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. आणि संक्रांतीच्या सुमाराला एक दिवस सारजा त्यांना भाकरी कुस्करून भरवत होती, तेव्हा त्यांनी तिचा हात धरला आणि फार आदरानं विचारलं, "बाई, तुमी कुणाच्या?"

"आबा, मी सारजा."

ते रागावले. "सारजा लहान हाय. आमाला फसवू नका." त्या दिवशी ते जेवलेच नाहीत. पुढं दोनतीनदा तिनं सांगून पाहिलं, दर वेळी तेच झालं. मग तिनं सांगणं सोडून दिलं. ती "बाई" झाली. बाई त्यांना न्हाऊ घालायची, बाई त्यांचे पाय चेपायची, आणि ते बाईला आपल्या लेकीच्या गोष्टी सांगायचे.

"आमची सारजा वाटंवरच झाली. घोंगड्याच्या एका खोळीत ती आन् दुसऱ्या खोळीत त्याच दिवशीचं कोकरू, असा मी घाट उतरलो. दोघांनी मिळून रडायचं, आन् म्या दोघांना एकच गाणं म्हणायचं." किंवा, "तिला डोळं बांधून उभी करा, कोकरू वरडलं की आई कोण ते सांगती." किंवा नुसतंच, "सारजा का येत न्हाय अजून? तुमाला कुठं दिसली का?"

"येतीया," सारजा म्हणायची. "वाटंत हाय."

आणि एकदा, दुपारी, ते फार शांत होते तेव्हा म्हणाले, "बाई, तुमाला म्हणून सांगतो. नवऱ्यानं टाकली म्हणून तिला आणाया गेलो. तिचं गठुडं म्या माझ्या डोक्यावर घेतलं. गावातनं आलो. समदी म्हणाली, म्हाकूचं वाईट झालं. बाई, मला बरं वाटलं व्हतं. घरात लेक आली माघारी. बापानं असं वाटून घ्यावं का? हे तिला सांगू नका."

"न्हाय सांगत," सारजा म्हणाली होती, आणि पाण्याचं निमित्त करून बाहेर गेली होती.

दुसऱ्या दिवशी डाळजहून आबाजीमामा आले. मामा म्हणजे या तिघा भावंडांच्या आईचा भाऊ. तरुणपणी आबांबरोबर मेंढरांमागं चाललेला, आता कानानं जड झालेला, पण भावकीत अजून ज्याचा शब्द चालतो असा माणूस. ओसरीवर पाट मांडला, भंडाऱ्याचं ताट ठेवलं आणि गेणूनं फडक्यातून देव्हाऱ्यात पुजायचा आबांचा टाक काढला. दोन बोटांएवढा चांदीचा पत्रा, त्यावर घोड्यावर बसलेला माणूस, हातात तलवार. सोनार साऱ्यांच्या पूर्वजांना एकाच घोड्यावर बसवतो.

"आबा कवा घोड्यावर बसलं व्हतं?" गेणूची लेक रतन हळूच म्हणाली. कुणी हसलं नाही, पण बोलणं सुरू झालं ते तिथून.

मामांनी सांगितलं, नीरेला पूर होता तेव्हा म्हाकूनं एकेक मेंढरू खांद्यावर घेऊन कसं पलीकडं नेलं. गेणूनं सांगितलं, पाटाचं पहिलं पाणी रानात शिरलं तेव्हा आबा त्यात अनवाणी उभे राहिले आणि पायाला मुंग्या येईपर्यंत बाहेर निघाले नाहीत. रतन म्हणाली, आबांनी तिला खांद्यावर बसवून बारामतीला झुकझुक गाडी दाखवायला नेलं, आणि गाडी हलली तेव्हा पागोटं काढून गाडीलाच रामराम केला. आता मात्र सगळे हसले. सिद्धूसुद्धा हसला.

सारजा खांबाला टेकून ऐकत होती. हे सारे ज्या माणसाबद्दल बोलत होते तो चालणारा, उचलणारा, हसणारा होता. तिच्याजवळ होता तो अलीकडचा, दात नसलेला, बाईला तुमी म्हणणारा. त्याची आठवण यांच्यात कुठं ठेवावी ते तिला कळेना. "सारजे, तू सांग की," असं कुणी म्हणालं असतं तर तिनं काय सांगितलं असतं कोण जाणे. पण कुणी म्हणालं नाही.

मग मामांनी घसा साफ केला. "सारजे, हिकडं ये. जरा मोठ्यानं बोल. म्हाकू जाताना मेंढरं मोडा म्हणाला का?"

दाराआड मुक्ताबाईच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. सिंधू जमिनीकडं बघत होती. सारजाला तिचं वर आलेलं पोट दिसलं, आणि पाटाकडेला बसलेली मेंढरंही दिसली. एका शब्दानं ती सगळी बाजारात जाणार होती.

"न्हाय," ती म्हणाली.

"काय?"

"न्हाय म्हणालं, मामा. मेंढरांचं बोललं न्हाईत, जमिनीचं बोललं न्हाईत. त्येंना कुणाची वळखच ऱ्हायली न्हवती. दादाची न्हाय, माझीबी न्हाय."

"तुझी?" मामा पुढं झुकले. "तू तर अष्टौप्रहर जवळ."

"मला बाई म्हणायचं. सारजा कवा येती म्हणून मलाच इचारायचं. शेवटच्या दिवशीबी तेच इचारलं."

मामांनी डोळे मिटून घेतले. सिद्धूचा हात काठीवर होता तो तसाच राहिला. गेणू उठला, जोडे पायात सरकवले आणि कुणाकडं न बघता रानाकडं चालू लागला.

तो पाटाच्या कडेला, मोटेच्या जुन्या दगडावर बसलेला सारजाला सापडला. त्याचा कोट, डोक्याचा फेटा, वळवलेल्या मिशा. भरल्या अंगाचा हा माणूस पाठमोरा फार लहान दिसत होता. ती थोडी लांब बसली. आता घरातून जायला सांगेल असं तिला वाटत होतं.

"मी खोटं बोललो हे तुला आवडलं न्हाय," गेणू म्हणाला.

"तसं न्हाय, दादा."

"सिद्ध्याची पोरं जगावी म्हणून बोललो. तेबी हाय." त्यानं पाण्यात खडा टाकला. "पर मला शेवटचं चार शब्द पायजे व्हतं गं. न्हाय मिळालं, म्हणून माझं मीच केलं."

सारजा पाण्यावरच्या तरंगांकडं बघत राहिली.

"तू म्हणत असशील, दादा बाजेजवळ यायचा बंद झाला. तुला कारण ठावं न्हाय. तू पाण्याला गेली व्हतीस. मी ह्योच कोट घालून गेलो, तर आबा भिंतीकडं सरकलं. त्येंना वाटलं जंगलचा शिपाई आला. हात जोडलं मला. म्हणालं, सायेब, चुकून शिरली मेंढरं, कोंडवाड्यात घालू नका." त्याचा आवाज फुटला. "माझ्या बापानं मला हात जोडलं, सारजे. मग परत कुठल्या तोंडानं जाऊ? कोट काढून गेलो एकदा, तरीबी भ्यालंच. मग न्हाय गेलो."

पाटाचं पाणी हळू चाललं होतं. पलीकडच्या काठाला सिद्धूची दोन मेंढरं पाणी पीत होती.

"माझं नाव एकदाबी घेतलं न्हाय?" त्यानं विचारलं.

होय म्हणणं सोपं होतं. पण आताच ओसरीवर खरं बोलून आलेल्या तोंडातून तिला ते येईना. ती आठवत राहिली, आणि आठवता आठवता तिला खरंच काही सापडलं.

"नाव न्हाय घेतलं. पर त्या दिवशी मी माघारी आले तवा म्हणालं, बाई, शिपाई आला व्हता. मी म्हणाले, मग? तर म्हणालं, माणूस बरा व्हता. मेंढरं धरली न्हाईत. मला पाणी पाजलं त्यानं, हातानं. शिपायाच्या जातीत असा माणूस म्या बघितला न्हाय." ती थांबली. "मला वाटलं खरंच कोण शिपाई येऊन गेला. तू पाणी पाजलंस का?"

गेणूनं होय म्हणून मान हलवली. मग त्यानं फेटा काढून मांडीवर ठेवला आणि त्यात तोंड लपवलं. सारजा त्याच्याजवळ सरकली नाही. लहानपणापासून तो असा एकट्यानंच रडायचा. ती नुसती तिथंच बसून राहिली, ऊन कलेपर्यंत.

घरी आल्यावर गेणूनं सगळ्यांना टाकाला भंडारा लावायला सांगितला. मग टाक उचलून त्यानं फडक्यात बांधला आणि सिद्धूच्या हातात दिला.

"तू ने," तो म्हणाला. "हितं त्येंना कुणी वळखीचं उरलं न्हवतं. तुझ्या वाटंवर वळखीची माणसं भेटतील."

"दादा, थोरल्या घरात असतोय टाक."

"ने म्हणतो ना." आणि थोड्या वेळानं, "पावसाळाभर मेंढरं डाळजच्या माळालाच असत्यात न्हवं, मग सिंधू बाळातपण हुस्तवर मामाच्या गावाला ऱ्हाऊ दे. एवढं तरी माझं ऐक. आबांचं न्हवं, माझं."

सिद्धूनं मान डोलावली. मामा म्हणाले, डाळजला छप्पर मोकळं आहे, पण घरात बाईमाणूस नाही. सगळे सारजाकडं बघायला लागले. आपण जाणार हे तिला त्याच वेळी कळलं. मुक्ताबाईनं आतून तिचं लुगडं, तांब्या आणि एक शेर शेंगा आणून गठुड्यात बांधल्या. बांधताना तिनं गाठ दोनदा मारली, आणि म्हणाली, "पंचमीला या, वन्सं. इसरू नका."

सकाळी कळप निघाला. सिंधूला मामांच्या बैलगाडीत बसवलं होतं. सारजा मेंढरांमागून चालली. लग्नाच्या आधी ती अशी चालत असे. पायांना ते आठवत होतं, गुडघ्यांना नव्हतं. गेणू वेशीपर्यंत आला आणि परत फिरला. रतन तेवढी ओढ्यापर्यंत आली, तिथं आत्तीच्या पाया पडली आणि पळत माघारी गेली.

बारामती मागं पडली. दुसऱ्या दिवशी भिगवणच्या अलीकडं एका मळ्याशी सिद्धू मेंढरं पाण्यावर घेऊन गेला आणि सारजा बांधावर बसली. विहिरीकडून एक म्हातारी आली. कपाळ मोकळं, हातात खुरपं. मेंढरांकडं बघून ती थांबली.

"कुणाच्या मेंढरांचा वाडा हा?"

"सिद्धूचा. पिंपळीचा."

"म्हाकूचा धाकला?" म्हातारी खाली बसली. "म्या लीलाबाई. आमच्या ह्या रानात म्हाकू खतासाठी मेंढरं बसवायचा, माझा मालक व्हता तवा. बरा हाय का म्हाकू?"

"शिमग्याच्या आधी गेलं."

म्हातारी थोडा वेळ खुरप्यानं बांधावरचं गवत काढत राहिली. "चांगला माणूस," ती म्हणाली. "मालक गेल्यावर त्या साली आला तर मोबदला घेतला न्हाय. दोन राती मेंढरं बसवली आन् गुमान गेला. सांजच्याला हितंच बसायचा, भाकरी खायाचा. बोलायचा मातर एकच." तिनं मान वर केली आणि सारजाचं तोंड नीट पाहिलं, कपाळापासून हनुवटीपर्यंत. "वाटंवर झालेली एक लेक व्हती त्येची. कोकराच्या जोडीनं आणली म्हणायचा. तू सारजा का?"

तिकडं सिद्धूनं मेंढरांना हाळी दिली. कळप पाण्यावरून उठला आणि धूळ बांधावर आली. कितीतरी महिने सारजाला कुणी हे विचारलं नव्हतं, आणि तिनं सांगितलं होतं तेव्हा कुणी मानलं नव्हतं.

"व्हय," ती म्हणाली. "मी सारजा."

"वाटलंच मला," लीलाबाई म्हणाली, आणि तिच्यासाठी विहिरीवरून पाणी आणायला उठली.